ग्यानोबाची अँबेसिडर अन् साहेबाचं इंजिन

ग्यानोबाला गावात कुणी शेतकरी म्हणत नाही. जमीन आहे, सोयाबीन होतं, तूर होते, पण ते सगळं पोरगा शिवशंकर बघतो. ग्यानोबाला कुणी विचारलं, काय करता, तर तो सरळ सांगतो, "गाडी हाय मपली."

गाडी म्हणजे अँबेसिडर. डिझेलची, ताकाच्या रंगाची, गिअर हँडलाखाली. अहमदपूरच्या एका डॉक्टरनं नवी गाडी घेतली तवा ही ग्यानोबाच्या दारात आली, अन् तिथंच म्हातारी झाली. आमच्या गावातली निम्मी पोरं आईच्या पोटात असताना हिच्यातून दवाखान्यात गेली. त्यातलीच काही पुढं बाशिंग बांधून हिच्यातच मिरवली. एकानं दवाखान्यापर्यंत दम धरला नाही. ग्यानोबा हॉर्न दाबून बैलगाड्या बाजूला काढत होता अन् मागल्या सीटवर ते पोरगं झालं. आज ते पोलीस भरतीसाठी पळायला जातं, पण गाव त्याला हॉर्न्याच म्हणतं.

ग्यानोबा अंगानं वाळलेल्या तुरीच्या काडीसारखा. पाठीमागं दुमडलेली घोंगडी घेतल्याशिवाय त्याला रस्ता नीट दिसत नाही. गाडी पळवायचा नाद त्याला कधीच नव्हता. "पळवणाऱ्याला ड्रायव्हर म्हणत न्हाईत," तो म्हणायचा, "माणसं हाय तशी उतरवून देतो त्याला म्हणतेत."

या गाडीला दोन खोडी होत्या. चालू ठेवून उभी केली की ती तापायची. अन् तापलेली असताना बंद केली तर पार गार होईपर्यंत काही केल्या चालू व्हायची नाही. म्हणून ग्यानोबाचा कायदा होता: एकदा निघालं की मुक्काम येईपर्यंत थांबायचं नाही. चहा नाही, पाणी नाही, कुणाची भेट नाही. रस्त्यात सोयरा दिसला तर खिडकीतून हात काढायचा, बस.

दरसाली सोयाबीन निघालं की आमच्या आळीतल्या बाया माहूरला रेणुकादेवीला जात. ही सवारी ग्यानोबाचीच. पुढं त्याच्या शेजारी बायको गुणाबाई, दाराशी थोरली बहीण पारूबाई, मागं बाकीच्या जशा मावतील तशा. पारूबाईचं सासर गावातच. गळ्यात कवड्यांची माळ, जीभ विळ्यासारखी. सगळा गाव तिला आक्का म्हणतो, अन् आक्का ज्या गाडीत बसली त्याच गाडीत आळी बसते, हे ठरलेलं.

पहाटे निघायचं. विष्णुपुरी आली गेली, नांदेड आलं गेलं, पुढची गावं आली गेली, ग्यानोबा थांबायचा नाही. पण माहूरच्या चढाला एक वळण आहे. पहिल्याच साली गाडी त्या वळणावर वाफ सोडत उभी राहिली. पारूआक्का खाली उतरली, इकडंतिकडं बघितलं अन् म्हणाली, "देवीनं अडवलं." तिथल्या एका धोंड्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. बाया बसल्या, दशम्या अन् ठेचा खाल्ला. तोवर गाडी गार झाली, ढकलल्यावर चालू झाली. दुसऱ्या साली बराबर त्याच वळणावर थांबली. तिसऱ्या सालापासून ती देवीची जागा झाली. मागून येणाऱ्या गाड्यांनी बघितलं, इथं काहीतरी आहे, म्हणून त्याही थांबायला लागल्या. धोंड्याला शेंदूर आला, वर पत्रा आला, घंटी आली. नारळ विकणारा येऊन बसला. तो तर ग्यानोबाला दुरून हात जोडायचा.

असं सगळं नीट चाललं होतं. पण मागच्या साली गाडी त्या वळणावर थांबली ती थांबलीच. नारळ फुटला, दशम्या संपल्या, आरती झाली, परत एकदा आरती झाली, गाडी हूं की चूं करंना. बाया वरपर्यंत चालत गेल्या अन् घरी एसटीनं आल्या. अँबेसिडर टेंपोत चढून नांदेडला वीरण्णा मिस्त्रीकडं गेली. वीरण्णानं काहीबाही करून तिला उभी केली, पण तवापासून ती अहमदपूरच्या बाजारापलीकडं जात नाही. गेली की मागं धुराचा पडदा.

औंदा शेषेरावानं पांढरी सात सीटर घेतली. शेषेराव ग्यानोबाच्या गल्लीतलाच. त्यानं सोयाबीन निघायच्या आधीच घरोघर सांगितलं, "माहूरला माझ्याकडून. एसी हाय. कुठं थांबणं न्हाई, ढकलणं न्हाई, थेट वर."

ग्यानोबाला हे लागलं. त्याच्या जागी कुणाही ड्रायव्हरला लागलं असतं. बाजारची सवारी गेली तर गेली, पण माहूरच्या बाया दुसऱ्याच्या गाडीत बसल्या की आपण ड्रायव्हर उरलो नाही, लिंबाखाली पत्र्याचा डबा असलेला म्हातारा झालो, हे त्याला पक्कं कळत होतं.

शिवशंकर बापाची तब्येत ओळखून होता. एक दिवस तो म्हणाला, "दादा, इंजिन बदलू. वीरण्णाकडं एक आलंय. अँबेसिडरचंच हाय, पण मोठं. कोण्या साहेबाच्या लाल दिव्याच्या गाडीचं. गाडी लिलावात मोडीत गेली, इंजिन हाय तसं हाय."

"साहेबाचं?"

"हाव."

"मग ते खालच्या माणसानं ढकलल्याशिवाय चालू व्हतंय का?"

तरी दोघं नांदेडला गेले. वीरण्णा देगलूरकडचा, बोलता बोलता कानडी पेरणारा. त्यानं ते इंजिन लाकडी ओंडक्यांवर बांधून ठेवलं होतं. बाजूला पाण्याचा कॅन, वर डिझेलची बाटली लटकवलेली. चावीच्या जागी दोन वायरी. त्यानं त्या भिडवल्या अन् इंजिन घरघरायला लागलं.

ग्यानोबानं डोळे झाकून ऐकलं.

"गिरणी हाय ही," तो म्हणाला. "दळण आणायला पायजे व्हतं."

"मामा, मोठं इंजिन हाय, आवाज मोठाच येणार. पण वढ बघा तुमी. घाटात दुसऱ्या गिअरवर गाणं म्हणत जाईल."

"अन् मपलं जुनं बोअर करून घेतलं तर?"

"इल्ला," वीरण्णा म्हणाला. मान अशी हलवली की कानडी येत नसलं तरी कळावं. "किती येळा बोअर केलं त्याला? आता घासायला लोखंड शिल्लक न्हाई मामा. अजून घासलं तर हात आरपार जाईल."

"गिअर?"

"हँडलाखालीच ठेवतो. मधी एक प्लेट करून घ्यावी लागंल लेथवर. आरटीओत इंजिनाचा नंबर चढवायचा, ते बी बघतो. तुमी फकस्त हाव म्हणा."

ग्यानोबा हाव म्हणाला नाही. वाटेत शिवशंकरनं विचारलं तर म्हणाला, "बाहीरून ग्यानोबा अन् आतून कलेक्टर. लोक काय म्हणतील?"

लोक म्हणायचं ते म्हणलेच. पारावर बातमी त्याच्या आधी पोचली होती. एक जण म्हणाला, साहेबाचं इंजिन हाय, जेवायच्या सुट्टीत बंद पडंल. दुसरा म्हणाला, सोमवारी येत जाईल अन् शुक्रवारी दुपारीच निघून जाईल. तिसऱ्यानं विचारलं, "ग्यानोबा, ब्रेक दाबायच्या आधी अर्ज करावा लागतो का?" ग्यानोबा पण हसला. पण हसून झाल्यावर त्यानं एक थाप मारली, अन् तिथंच फसला.

"मपलं मन हाय रे," तो म्हणाला. "पण आक्का न्हाई म्हणतीया. त्या वळणावर देवी गाडी अडवती. नव्या इंजिनानं गाडी न थांबता निघून गेली तर देवी काय म्हणंल? आक्काच्या मनाविरुद्ध कसं जावं?"

आक्काला त्यानं काही विचारलंच नव्हतं. खरी गोष्ट ही होती की त्याला भ्या वाटत होतं. जुन्या इंजिनाची प्रत्येक खरखर त्याला कळायची. कोणता आवाज पाण्याचा, कोणता तेलाचा, कोणता नुसता नखरा, हे तो झोपेत सांगायचा. साहेबाचं इंजिन बोललं तर त्याला काय कळणार? या वयात गाडी पहिल्यापासून शिकायची, अन् तीही आपल्याच गाडीत बसून?

आमच्या गावात शब्द चालत जात नाही, पळत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यानोबा दात घासत होता, तेवढ्यात पारूआक्का काठी आपटत अंगणात आली.

"ग्यान्या, मी कवा न्हाई म्हणलं रे?"

ग्यानोबानं चूळ भरली, ती टाकायला उगंच वेळ लावला.

"बोल की. तुला भ्या वाटून राहिलं, अन् मधी मपलं नाव कामून घालायलास?"

"आक्का, तसं न्हाई. ती देवीची जागा हाय ना, म्हणून मी..."

"बस खाली."

तो बसला. गुणाबाई चहा घेऊन आली अन् दाराशी उभी राहिली. चेहरा असा, की पुढं काय येणार ते तिला ठाऊक आहे.

"त्या वळणावर," पारूआक्का म्हणाली, "देवीबिवी कुणी गाडी अडवत न्हाई."

"वन्सं, राहू द्या की," गुणाबाई म्हणाली. पण पदर तोंडाला लावला होता तो हसू दाबायला.

"कामून राहू देऊ? किती साल राहू देऊ? ग्यान्या, ऐक. पयल्या साली गाडी तापली, ते खरं. आमी उतरलो. त्या वळणाच्या खाली झाडी हाय, नाला हाय. रस्त्यावरून काई दिसत न्हाई. पहाटंपासून गाडीत कोंबलेल्या बायांना काय व्हतं, तुला कवा कळलं का? तुपलं काय, कोणती बी भिंत चालती, न्हाई तर टायर चालतंय. आमी कुटं जावं? तू तर थांबत न्हाईस. नांदेडला म्हणावं तर तू म्हणणार, गाडी तापंल. पुढं म्हणावं तर गाडी बंद केली की चालू व्हणार न्हाई. मग देवीला मधी घेतली. देवी बी बाईच हाय, तिला कळतंय."

ग्यानोबाच्या हातातला चहा तसाच.

"म्हणजे नारळ?"

"नारळ देवीचाच. तिचे उपकार न्हाईत का?"

"अन् मी नवा रेडिएटर टाकला त्या साली? गाडी तापलीच नव्हती. तवा तुपल्या अंगात आलं व्हतं, बराबर तिथंच. मी तुपल्या पाया पडलो व्हतो."

"आलं व्हतं," पारूआक्का म्हणाली. तिनं तपकिरीची चिमूट नाकाला लावली. "न्हाई आलं असतं तर तुपली सीट धुवावी लागली असती."

आता गुणाबाईला हसू आवरेना. ती आत गेली, पण आतून आवाज येत राहिला. शिवशंकर गोठ्यापाशी उभा होता, तो म्हशीच्या आड गेला.

ग्यानोबानं चहा खाली ठेवला. मग आत वळून म्हणाला, "तू तर शेजारीच बसायचीस. तू बी कवा बोलली न्हाईस."

"तुमी सारखं काट्याकडं बघायचे," गुणाबाई आतून म्हणाली. "इंजिनाला किती गरम झालं, ते. आमच्याकडं कुटं काटा व्हता?"

पारूआक्का उठली. "शेषेरावाला मी विचारून आले," ती म्हणाली. "थांबशील का म्हणलं मधी. तर म्हणतो, पंपावर थांबतो. पंपावरच्या संडासाला कुलूप, अन् किल्ली मॅनेजरच्या खिशात. आत जायला बायांनी रांग लावून किल्ली मागायची व्हय? मी त्याला न्हाई म्हणलं न्हाई, अन् हाव बी म्हणलं न्हाई. आधी मला ते इंजिन दाखव."

अशा तऱ्हेनं वीरण्णाच्या गॅरेजात पहिल्यांदाच बाया आल्या. पारूआक्का, गुणाबाई, मागं ग्यानोबा अन् शिवशंकर. वीरण्णानं खुर्ची पुसून दिली, ती आक्कानं घेतली नाही. इंजिनाभोवती काठी टेकत एक फेरी मारली, जसं बाजारात गायीभोवती फिरावं.

"चालू कर."

वीरण्णानं वायरी भिडवल्या. "आक्का, ह्याची वढ अशी हाय की..."

"वढीचं मला नको सांगू. चांगलं तापू दे."

इंजिन तापत राहिलं. आक्कानं तपकीर ओढली. गुणाबाईनं घरून आणलेल्या शेंगा सगळ्यांना वाटल्या, वीरण्णालाही. शेंगा संपल्यावर आक्का म्हणाली, "आता बंद कर."

बंद केलं.

"चालू कर."

एका झटक्यात चालू झालं.

"बंद कर. चालू कर."

झालं. परत बंद, परत चालू. वीरण्णाच्या कपाळावर घाम. "आक्का, सेल्फ जळंल."

"जळायचं तर हितंच जळू दे. त्या घाटात जळण्यापरीस बरं." मग तिनं अजून एक सांगितलं. "आता चालू ठेवून नुसतं उभं राहू दे. तापतंय का बघायचं."

इतका वेळ ग्यानोबा लांब उभा होता. आता तो जवळ आला. इंजिनावर हात ठेवला, मग पाण्याच्या नळीवर, मग वाकून कान लावला. काही ऐकू येत होतं. एक टकटक होती, वाल्वची, पण ती जुन्या इंजिनातही होती. एक गुरगुर नवी होती. ती कशाची, ते त्यानं वीरण्णाला विचारलं. वीरण्णानं पंपाकडं बोट दाखवलं. ग्यानोबानं परत ऐकलं. एवढं तर कळतंय, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"ग्यान्या," आक्का त्याला म्हणाली, "गाडी चालवणारा तू हायस. मी फकस्त बघून घेतलं. तुपलं काय?"

ग्यानोबानं हात पायजम्याला पुसले. "बसव," तो वीरण्णाला म्हणाला. "पण गिअर हँडलाखालीच. मधी दांडा आला तर गुणाबाईला मागं बसावं लागंल, अन् मग मपल्या डोक्यात वटवट मागून यायची."

"आता शेजारून येती, तेच बरं," गुणाबाई म्हणाली.

शेषेरावाला कळलं तवा त्यानं मनावर घेतलं नाही. त्याची सात सीटर त्या आठवड्यात लातूरला एका लग्नाला गेली. शेषेराव भला माणूस, त्याला फक्त एसीचा अभिमान जरा जास्त.

सोयाबीन निघालं, अन् आळीच्या बाया अँबेसिडरमधी बसल्या. मी बी होतो त्या फेरीत, डिक्कीतलं सामान सांभाळायला अन् पुरुष पाहिजे म्हणून. गाडी निघाली ती गुरगुरत, पण मागं धूर नाही. ग्यानोबा पहिल्यांदा नव्या नवरीसारखा अवघडून बसला होता. लोहा मागं पडलं तवा कुठं त्यानं पाठ घोंगडीला टेकवली.

विष्णुपुरीला पारूआक्का म्हणाली, "थांब."

"हितं कामून?"

"धरण बघायचं. इतकी वर्सं बाजूनं जातो, पाणी कवा बघितलं न्हाई."

ग्यानोबानं सवयीनं तोंड उघडलं, अन् मिटलं. गाडी बाजूला घेतली, बंद केली. बाया उतरल्या, दूरवर गोदावरीचं पाणी बघितलं, एकमेकींच्या मागं लपत आडोशाला जाऊन आल्या, परत पाणी बघितलं. गाडी एका चावीत चालू झाली.

नांदेडच्या पलीकडं चहाला थांबलो. बाया चक्क खुर्च्यांवर बसून चहा प्यायल्या. पुढं एकीला उसाचा रस पाहिजे होता. पुढं एकीच्या माहेरचा फाटा आला, तिथं भाऊ उभा राहणार होता, त्याच्यासाठी थांबलो. भाऊ आला नाही, पण आम्ही थांबलो. प्रत्येक वेळी गाडी बंद, प्रत्येक वेळी चालू. ग्यानोबा पहिल्यांदा कुरकुरला, मग स्वतःच विचारायला लागला, "आता कुणाचं काय?"

"इंजिन मोठं घेतलं पळवायला," मी म्हणालो, "अन् पोचायलो जुन्याहून उशिरा."

"पळवणाऱ्याला ड्रायव्हर कोण म्हणतंय?" ग्यानोबा म्हणाला.

पण माहूरचा चढ लागला तवा त्याला बी राहवलं नाही. दुसरा गिअर टाकला अन् गाडी अशी वर निघाली की माझ्या मांडीवरची पिशवी मागं सरकली. साहेबाचं इंजिन खरंच गाणं म्हणायला लागलं. ग्यानोबाच्या मिशा वर गेल्या. एक वळण, दुसरं वळण, पत्र्याचं छप्पर दिसलं, घंटी दिसली, नारळवाला हात जोडून उभा राहिलेला दिसला, अन् सगळं मागं गेलं.

वळणाच्या पुढं गेल्यावर ग्यानोबानं ब्रेक दाबला. मागं बघत बघत हळूहळू रिव्हर्समधी आला अन् जागेवर गाडी लावली.

"काय झालं?" गुणाबाई म्हणाली.

"देवीची जागा."

"आमचं झालंय सगळं," पारूआक्का म्हणाली. "विष्णुपुरीला बी झालं, चहाच्या हाटेलापाशी बी झालं. चल वर."

"तुमचं झालं असंल," ग्यानोबा म्हणाला. "मला नारळ फोडायचाय."

"अरे लेका, तुला सांगितलं न्हाई का मी, की..."

"सांगितलं. ऐकलं. पण ती जागा मपल्याच गाडीनं झाली. मी न थांबता गेलो तर बाकीचे कसे थांबतील?" अन् तो उतरला.

धोंड्यापुढं रांग होती. हिंगोलीकडची एक जीप, एक टेंपो, एक लग्नाची बस. ग्यानोबा रांगेत उभा राहिला, हातात नारळ, डोक्यावरची टोपी नीट केलेली. नारळवाला मागून विचारत होता, "मालक, औंदा वाफ कुटं गेली?" रांग हळू सरकत होती. बसमधल्या नवरीला तिथं बसवून फोटो काढायचा होता.

गाडीत ऊन यायला लागलं. बाया पदरानं वारा घ्यायला लागल्या. थोड्या वेळानं पारूआक्का गुणाबाईच्या पुढून ड्रायव्हरच्या बाजूला वाकली अन् तिनं हॉर्न दाबला. सोडला, परत दाबला.

"ग्यान्या, आटप की रे. वरची आरती चुकंल."

रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. ग्यानोबानं मागं न बघता एक हात वर केला, थांबा म्हणून. त्याचा नंबर आला, नारळ फुटला, त्यानं डोळे मिटून जे सांगायचं ते सांगितलं, अन् निवांत चालत गाडीकडं आला. आक्का परत दाराशी सरकली. त्यानं घोंगडी नीट केली, चावी फिरवली, गाडी चालू झाली.

"काय मागितलं एवढा येळ?" गुणाबाईनं विचारलं.

"तुमचंच. आता दर दोन कोसाला थांबायचं हाय, ब्रेक टिकू दे म्हणलं."

"खोबरं आणलं का?"

"आणलंय."

"मग द्या की हिकडं."